पडल्यावर सगळं ऐकू येतं

मला झोपेचा आजार आहे. झोप येत नाही म्हणून लोक डॉक्टरकडे जातात. मला ती येते, आणि कुठेही येते. फळ्यासमोर उभी असताना, भाकरी थापताना, रेशनच्या रांगेत. एकदा तर सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांच्या पंगतीत, हातात वरणाची वाटी असताना. या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात. हे नाव मला बारा वर्षांनी कळलं. तोवर मी आधी आळशी होते, मग फिट येणारी होते, मध्ये काही दिवस बाहेरची बाधा झालेली होते, आणि शेवटी शेवटी नुसतीच 'तसली' होते.

हे एवढंसं लिहायला मला तीन आठवडे लागलेत. दुपारी लिहायला बसलं की चार ओळींनंतर अक्षरं उतरणीला लागतात. कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या. ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांची माहिती मी देणार नाही, ती डॉक्टरांनाच विचारा. मला फक्त ते दिवस कसे गेले एवढं सांगता येईल.

*

माझं माहेर तळेघरच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीत. भात आणि नाचणीची शेती. गाडी पकडायची तर तासभर चालत यायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला मंचरला मावशीकडे ठेवून शिकवलं. भावकीतले म्हणायचे, "पोरीला एवढं शिकवून काय कलेक्टर करायचीय का?" आबा म्हणायचे, "झाली तर होऊ द्या की." मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. कलेक्टर नाही झाले, शिक्षिका झाले.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मला ताप आला. साधा नव्हता, तीन आठवडे उतरला नाही. टायफॉइड म्हणून औषधं दिली, मग मलेरिया म्हणून दिली. शेवटी आपोआप गेला. ताप गेला, पण अंगात एक जडपणा राहिला. दिवसा कधीही डोळ्यांवर गोणपाट टाकल्यासारखी झोप यायची. मावशी म्हणाली, अशक्तपणा आहे, खजूर खा. मी खजूर खाल्ले. परीक्षेत तिसऱ्या पेपरला मी पाऊण तास झोपले आणि तरी पास झाले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मग जुन्नरजवळच्या एका शाळेत नोकरी लागली आणि वर्षाच्या आत जुन्नरमध्येच लग्न झालं. यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. स्वभावाने फार गमत्या माणूस. गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, मीही पोट धरून हसायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तेच नडलं.

*

पहिल्यांदा पडले ती शाळेत. नववीच्या वर्गावर होते. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, लाजाळूची हात लावला की मिटतात, असं सांगत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, झाडं झोपली तर चालतं, आन् आमी झोपलो तर उभं करता, आसं कसं?"

वर्ग हसला. मीही हसले, मोकळेपणाने. आणि हसता हसता माझे गुडघे गेले. गेले म्हणजे, जणू कुणी मागून कापून टाकले. मान खाली पडली, जीभ जड झाली, आणि मी टेबलाच्या कडेने घसरत जमिनीवर आले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती कुणालाच माहीत नसते. अशी पडते तेव्हा मी बेशुद्ध नसते. डोळे मिटलेले असतात, बोट हलत नाही, पण ऐकू सगळं येतं. मुलींचं रडणं ऐकू आलं. शेजारच्या वर्गातले सर धावत आले, ते म्हणाले, "फिट आहे, फिट. कांदा आणा." कुणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली. तिला शेणाचा वास येत होता. मला ओरडून सांगायचं होतं की मी ठीक आहे, चप्पल काढा. मिनिटभराने हातात जोर आला आणि मी उठून बसले. सर सगळ्यांना म्हणाले, "बघा, चपलेनं उतरली."

त्यानंतर फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी झोप दुप्पट झाली.

*

मुलगी झाली. आठ महिन्यांची होती. एका रविवारी सकाळी मी तिला कडेवर घेऊन ओट्यापाशी उभी होते आणि हे एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होते. मी हसले. डावा हात दोरी सुटावी तसा सुटला. पोर माझ्या अंगावरून घसरत खाली गेली आणि पाटाच्या कडेवर तिची हनुवटी आपटली. मीही तिच्याशेजारीच पडले. तिचं रडणं हातभरावर ऐकू येत होतं आणि मला हात पुढे करता येत नव्हता.

तीन टाके पडले. सासूबाईंनी तिला उचललं ते थेट स्वतःच्या खोलीत नेलं. संध्याकाळी दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "आजपून पोरीला उभ्यानं घ्यायचं न्हाई. पाजायची तर खाली बसून पाज, म्या जवळ बशीन." त्यांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणाले नाही. पण त्या दिवसापासून यांनी नकला सोडल्या. घरात कुणी विनोद केला तर दुसरा त्याच्याकडे डोळे वटारून पाही. जेवायला बसलं की फक्त ताटांचा आवाज. आमच्या घरात हसणं बंद झालं, आणि ते माझ्यामुळे झालं, हे ओझं मी फार वर्षं वाहिलं.

सासूबाईंनी अंगारेधुपारेही करून पाहिले. मी विज्ञानाची शिक्षिका, हातात लिंबू धरून मुकाट्याने बसायची. थकलेल्या माणसाला वाद घालण्याची ताकद नसते.

*

शाळेत माझ्या वर्गातली खुर्ची काढून घेतली. हेडसरांनी तसा वाईटपणा केला नाही, पालकांची तक्रार आली होती, त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, बसलं की डोळा लागतो ना? मग उभ्याने शिकवा." मी उभ्याने शिकवू लागले. मग उभ्याने झोपू लागले. हात मात्र चालू राहायचा. एकदा वर्गात कुजबुज ऐकून डोळे उघडले तर फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'मूळ, खोड, पान, आबांना कळवा, भात लावायचा'. खडू हातातच होता. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मी पुसलं आणि त्यांना सांगितलं, शेवटचे दोन शब्द... नाही, चार शब्द खोडा.

त्या वर्षी मला लेखी मेमो मिळाला. कर्तव्यात कसूर, असे शब्द होते. सहकारी चांगले होते, पण मी स्टाफरूममध्ये आले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "झाली का झोप?" दिवसातून चारदा ते ऐकलं की माणूस आतून झिजतो. मी हसून सोडूनही देऊ शकत नव्हते. हसले तर पडणार.

*

आता जे सांगायचं आहे ते मी सगळ्यांत टाळलं होतं.

आबा आजारी पडले तेव्हा भात झोडून झाला होता. छातीत पाणी झालं होतं. मी रजा टाकून माहेरी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली. माझा मोठा भाऊ, दादा, घोडेगावहून डॉक्टर आणि जीप आणायला निघाला. जाताना मला म्हणाला, "म्या येस्तवर हितनं हलू नको. हात सोडू नको त्यांचा."

मी हलले नाही. आबांच्या बाजल्याशेजारी खाली बसले, त्यांचा हात हातात घेतला. त्यांची बोटं गार होती, मी ती चोळत होते. वहिनी चुलीपाशी होती. मला एवढंच आठवतं. पुढचं आठवतं ते वहिनीचं ओरडणं. माझं डोकं बाजल्याच्या कडेवर होतं, आबांचा हात माझ्या हातातच होता, आणि आबा गेलेले होते.

दादा जीप घेऊन आला तोवर अंगणात माणसं जमली होती. कुणीतरी त्याला सगळं सांगितलं असणार. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाप जात व्हता, आन् तू झोपलीस?"

मी झोपलेच होते.

दहावा-तेरावा झाल्यावर निघताना त्याने पिशवी हातात दिली नाही, दाराबाहेर ठेवली. त्यानंतर चार वर्षं मी माहेरी गेले नाही आणि त्याने बोलावलंही नाही. राखी टपालाने पाठवायची. पोचली की नाही ते कळायचं नाही.

*

निदान झालं ते माझ्यासाठी डॉक्टरकडे गेले होते म्हणून नव्हे. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. बाकावर बसल्या बसल्या मला झोप लागली. नवीनच आलेली एक डॉक्टर होती, पंचविशीतली, कपाळावर घाम. सासूबाईंना तपासून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"यांना काय होतं?"

"फिटा येत्यात," सासूबाई म्हणाल्या. "आन् झोपंतच आसती कायम."

डॉक्टरने मला समोर बसवलं. मी पाठ असलेलं सगळं सांगितलं. इतक्या जणांना सांगितलं होतं की आवाजात चढउतारही उरला नव्हता. तिने मध्येच थांबवलं.

"पडता कधी? कशानंतर?"

"हसल्यावर. कधी फार राग आला तर."

"आणि पडल्यावर ऐकू येतं?"

बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"येतं," मी म्हणाले.

"किती?"

"सगळं. कांदा आणा, चप्पल आणा, सगळं."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग ही फिट नाही, ताई. मी पुस्तकात वाचलंय फक्त, पेशंट बघितलेला नाही. पुण्याला जा, मी चिठ्ठी देते." तिने चिठ्ठी लिहिली. त्या डॉक्टरची पुढे बदली झाली. तिचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

*

पुण्यात त्या काळी ही तपासणी नवीनच होती. रात्रभर एक तपासणी, मग दिवसभर दुसरी. डोक्यावर चिकट लेप लावून वीसेक वायरी चिकटवल्या. दिवसाची तपासणी अशी: दर दोन तासांनी एका अंधाऱ्या खोलीत निजायचं आणि झोप लागते का, किती वेळात लागते, ते मशीनवर बघायचं. असं पाच वेळा.

पहिल्यांदा तिथली टेक्निशियन बाई दिवा घालवताना म्हणाली, "मॅडम, झोपा आता निवांत."

मला रडू आलं. तिला वाटलं वायर ओढली गेली. बारा वर्षं मला सगळे उठवत होते. कुणी आवाजाने, कुणी चिमटा काढून, कुणी तोंडावर पाणी मारून. झोपा म्हणणारी ती पहिली.

पाचही वेळा मी दोन-तीन मिनिटांत झोपले आणि झोपताक्षणी स्वप्नात गेले. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मेंदूत माणसाला जागं ठेवणाऱ्या काही पेशी असतात, त्या माझ्या गेल्या आहेत. हा शोध जगातही अगदी अलीकडचा. का गेल्या ते नक्की ठाऊक नाही. एखाद्या तापाशी लढता लढता शरीर चुकून आपल्याच पेशींवर उलटत असावं, अशी शंका आहे, संशोधन चालू आहे. मी त्या तीन आठवड्यांच्या तापाचं सांगितलं. ते म्हणाले, "असू शकेल. पक्कं सांगता येणार नाही." त्यांचं हे पक्कं सांगता येणार नाही म्हणणं मला आवडलं. आजवर सगळ्यांनी पक्कंच सांगितलं होतं.

"बरं होईल?" यांनी विचारलं.

"नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण गोळ्यांनी आणि नियमाने बरंच आवरता येईल."

लोक म्हणतात, नाव कळलं की हलकं वाटतं. मला वाटलं नाही. मला फक्त खूप दमल्यासारखं झालं. फिटच्या गोळ्यांची इतकी वर्षं, लेकीची हनुवटी, तो मेमो, आबांचा गार हात, सगळं एकदम अंगावर आलं.

परतीच्या एस.टी.त मी झोपले. पेठच्या आसपास जाग आली तर हे माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतीस," ते म्हणाले.

"तुम्हाला काय वाटत होतं?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. तिकडेच बघत म्हणाले, "कधी कधी वाटायचं गं. खोटं कशाला बोलू?"

मंचर आलं तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवरची फाइल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. आमची समजूत तिथे पटली, एवढंच म्हणेन.

*

सासूबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं. "म्हंजी याड न्हाई ना?"

"नाही."

"मंग आसू दे. रोग काय, कुणालाबी व्हतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर त्यांनी मधल्या खोलीत चटई टाकली, उशी ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. शेजारीण आली तिला म्हणाल्या, "मागनं या. सूनबाई औषधाची झोप घेतीय." त्यांनी माझ्या झोपेला औषध म्हटलं, तेव्हापासून ती मला चोरून घ्यावी लागली नाही.

शाळेत मी रिपोर्टची प्रत दिली. हेडसर तोवर बदलले होते. नव्या हेडबाईंनी मधल्या सुट्टीनंतरचा माझा तास काढून घेतला आणि प्रयोगशाळेत वीस मिनिटं आडवं व्हायची परवानगी दिली. खुर्चीही परत मिळाली. मेमो मात्र फाइलला आहे तसाच आहे. तो काढण्यासाठी तीन अर्ज केले, मग सोडून दिलं.

गोळ्यांनी डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं. पडणं कमी झालं, संपलं नाही. संध्याकाळी सहानंतर मी कुणाच्या कामाची नसते. कुणाला मी आता ठणठणीत दिसते. दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. हे लपवून तुम्हाला उगाच धीर देणार नाही.

*

गोळ्या लागू पडायला वर्ष गेलं. मग मी रिपोर्ट पिशवीत घालून एकटीच माहेरी निघाले. यांना म्हटलं, येऊ नका. तळेघरला उतरून चालत गेले. वाटेत दोनदा दगडावर बसून डुलकी घेतली.

दादा खळ्यात नाचणी वाळत घालत होता, वहिनी पाखडत होती. भावकीतली दोन-तीन माणसं होती. त्याचे केस पांढरे झाले होते. मी पाया पडले. त्याने "बस" म्हटलं. मी फाइल उघडून त्याच्यापुढे धरली, त्या नागमोडी रेघा दाखवल्या, डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं. माझं बोलून झालं तरी तो त्या कागदाकडेच बघत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला ते माहीत होतं.

"मिटीव ते," तो म्हणाला. "मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती सुपातली नाचणी पाखडायची थांबली.

"आबा जायच्या आदी हिनं त्यान्ला पाणी पाजलं. ही तुला उठवाय लागली व्हती. तर आबा म्हनलं, उठवू नको. लांबून आलीय, दमलीय, निजू दे तिला." दादाने फाइल बाजूला सारली. "हिनं मला त्याच दिशी सांगितलं. म्या तुला सांगितलं न्हाई."

"का?"

"जीप गावंना. दोन तास म्या घोडेगावात नुस्ता हिंडलो. तू निदान हात तरी धरून व्हतीस. म्या कुठं व्हतो?" तो खाली नाचणीकडे बघत म्हणाला. "कुणावर तरी काढायचं व्हतं. तुज्यावर काढलं."

मला राग यायला हवा होता. चार वर्षं गेली होती. पण आला तो राग नव्हता. निजू दे तिला, हे आबांच्या आवाजात ऐकू आलं, आणि माझे गुडघे गेले. खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर मी आडवी झाले. गालाखाली नाचणीचे दाणे टोचत होते.

माणसं उठली. "आरं, फिट आली! कांदा आना कांदा!" कुणाच्या तरी वहाणेचा आवाज जवळ आला.

"व्हा मागं," दादा म्हणाला.

तो माझ्याशेजारी खाली बसला. मला हलवलं नाही, हाक मारली नाही. माझ्या तोंडावर येणारं ऊन त्याच्या सावलीने अडलं.

"काय झालंय हिला?" कुणीतरी विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "माजी भैन हाय. तिला समदं ऐकू येतंय. उठंल तवा उठंल, घाई न्हाई."